समोरचा आकडा

सोम. ६ जानेवारी १९५८, पिंपरी

विभागप्रमुख डॉ. क. नी सकाळी बोलावलं. टेबलावर विद्यापीठाचं पत्र. युगांडाची एक विद्यार्थिनी, ग्रेस नाकाटो, भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर आलेली. सूक्ष्मजंतुशास्त्राची पदविका. परीक्षेला बसण्याआधी कारखान्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत औषधाच्या मोजणीच्या चोवीस नोंदी पुऱ्या करायच्या, वही विभागाने तपासायची. आमची सही नाही तर परीक्षा नाही. शिष्यवृत्ती एकाच वर्षाची, पुन्हा संधी नाही.

"मिस सबनीस, तिचा अभ्यास तुम्ही बघा. आणि तिला इथे एकटं वाटू नये, तेही बघा."

पहिलं मोजता येतं. दुसरं कशाने मोजायचं ते विचारलं नाही.

मंगळ. ७ जाने.

ग्रेस नाकाटो आली. उंच. वय चोवीस, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. इंग्रजी सावकाश बोलते, एकेक शब्द टेबलावर ठेवल्यासारखा. वसाहतीत बायकांच्या खोल्यांत जागा नाही, म्हणून चिंचवड गावठाणात हौसाबाईंकडे सोय केली आहे. त्यांचा मुलगा आमच्याकडे बॉयलरवर. संध्याकाळी मीच पोचवायला गेले.

हौसाबाई दारात आल्या तशी ग्रेस दोन्ही गुडघे टेकून खाली बसली. तिच्याकडे मोठ्या बाईला असाच नमस्कार करतात. हौसाबाई घाबरल्या.

"आगं आगं, पडली का काय ती?"

सांगितलं, नमस्कार आहे.

"व्हय? आमच्या सुनांना नुसतं वाकायचं जिवावर येतंय." मग दंड धरून तिला उठवलं. "नाव काय म्हनाला, ताई? गिरेस? मी आपली गिरजा म्हनंन."

ग्रेसने मान हलवली. काय कबूल केलं ते तिला कळलं नसावं.

गुरु. ९ जाने.

काम समजावलं. प्लेटवर जंतूंचा थर, त्यावर स्टीलच्या लहान नळ्या, नळीत औषधाचं पाणी. सतरा तास इनक्यूबेटरच्या उबेत. औषध पोचतं तिथवर जंतू वाढत नाहीत, नितळ वर्तुळ उरतं. त्याचा व्यास मोजायचा, त्यावरून औषधाचा जोर कळतो. दुपारी चारला मांडायच्या, दुसऱ्या सकाळी नऊला वाचायच्या. मांडल्याची आणि वाचल्याची, दोन्ही वेळा लिहायच्या. आकडा थेट वहीत. चिठ्ठीवर नाही.

व्यास मोजायचा माझा कॅलिपर तिला वापरायला दिला. कुणाला देत नाही. मोजण्याआधी तिने तो पूर्ण मिटवून शून्य तपासलं. न सांगता.

सोम. १३ जाने.

काल ग्रे. (आता एवढंच लिहीन) पुण्याला गेली होती. विद्यापीठात रविवारी परदेशी विद्यार्थ्यांना चहा असतो. कसा झाला विचारलं. विचारणं माझ्या कामात मोडतं.

"तिथे सगळे एकच विचारतात. तुमच्याकडे घराजवळ सिंह येतात का?"

"मग?"

"मी सांगते, येतात. पण आधी चिठ्ठी पाठवतात."

मी हसले नाही. खोलीवर आल्यावर हसले.

मंगळ. १४ जाने.

संक्रांत. प्रयोगशाळेत तिळगूळ. डॉ. क. नी ग्रे. च्या हातावर ठेवला आणि इंग्रजीत म्हणाले, मराठी शिकलात का काही? ती म्हणाली, "व्हय साहेब. आमी खातो." सगळे हसले. डॉ. क. सुद्धा. हौसाबाईंची मराठी शिकते आहे. दुरुस्त करावी का? तूर्त नाही.

उद्या सकाळी पुण्याला विद्यार्थ्यांचं संमेलन, तिला गाणं म्हणायचं आहे. जायला नको म्हणत होती, प्लेट्स कोण वाचेल म्हणून. आज दोनलाच मांडून घेतल्या आणि सांगितलं, मी बघते, तू जा.

बुध. १५ जाने.

[हे पान मूळ नाही. २ मार्चला जशीच्या तशी नक्कल करून चिकटवलं. कारण पुढे.]

ग्रे. सकाळी पुण्याला. तिच्या प्लेट्स सातला मीच काढल्या, मोजल्या, आकडे चिठ्ठीवर लिहून ठेवले. दुपारी तीननंतर आली, चिठ्ठीवरून वहीत उतरवले. माझं नाव लिहू का म्हणाली. म्हटलं, गरज नाही.

डॉ. क. नी चार कागदांवर न वाचता सह्या केल्या. या महिन्यात तिसऱ्यांदा. सहीला मग अर्थ काय.

ग्रे. शेजारी येऊन बसली की मी खुर्ची थोडी बाजूला घेते. आज सकाळी ती नव्हती तेव्हा लक्षात आलं की खुर्ची सरकवायची राहिली आहे. कशासाठी सरकवते? उत्तर लिहायला बसले तर लिहवत नाही.

शनि. २५ जाने.

सोमवारपासून दोन आठवडे मला नव्या इमारतीत जायचं आहे, मोठ्या टाक्यांच्या चाचणीसाठी. ग्रे. च्या चौदा नोंदी झाल्या. उरलेल्या दहा ती एकटीच करेल.

विचारलं, जमेल?

"व्हय."

"'हो' म्हणायचं."

"हौसाबाई 'व्हय' म्हणतात. त्या चुकतात का?"



शुक्र. ३१ जाने.

संध्याकाळी वसाहतीत बॅडमिंटन. ग्रे. ला बोलावलं होतं. साडी नेसून खेळली, हौसाबाईंची, हिरवी, काष्टा घातलेली. पहिल्या दहा मिनिटांत सगळ्या बायका खेळ सोडून तिलाच बघत होत्या. नंतर हरू लागल्या तेव्हा खेळाकडे बघू लागल्या. मी गुण मोजले.

सोम. १० फेब्रुवारी

परत आपल्या जागी. ग्रे. ची वही तपासायला घेतली. अक्षर स्वच्छ. व्यास व्यवस्थित, हिशेबाची एकही चूक नाही. खाडाखोड दोन ठिकाणी, दोन्हीकडे सही.

वेळा तपासायला दरवाज्यावरचं रजिस्टर मागवलं. असं कुणी करत नाही. मी करते.

अकरा नोंदी जुळत नाहीत.

शेवटच्या दहा तर अशक्य आहेत. "मांडल्या १०.०५, वाचल्या ३.०५." रोज असंच. सकाळी दहा धरलं तर वाचल्या पहाटे तीनला, तेव्हा प्रयोगशाळेला कुलूप असतं. त्याच दुपारी तीन धरलं तर पाचच तास, तेवढ्यात वर्तुळ उमटत नाही. रात्री दहा धरलं तर ती संध्याकाळी साडेचारलाच बाहेर पडल्याची नोंद आहे. शिवाय १५ जानेवारी: वाचल्या ७.००, आणि आत आली दुपारी ३.१०.

दोनदा ताडून पाहिलं. तीच अकरा.

मंगळ. ११ फेब्रु.

शेरा लिहिला: "अकरा नोंदींच्या वेळा दरवाज्याच्या रजिस्टरशी जुळत नाहीत. नोंदी विश्वासार्ह मानता येत नाहीत. सु. सबनीस." डॉ. क. नी वाचला की नाही, माहीत नाही. सही केली. वही विद्यापीठात गेली.

ग्रे. समोरच बसून अहवाल लिहीत होती. तिला विचारलं नाही. तपासणाऱ्याने तपासायचं, चौकशी वरच्यांनी करायची. पद्धत हीच आहे.

मंगळ. १८ फेब्रु.

विद्यापीठाचं उत्तर. तिथल्या खात्याचे प्रमुख प्रा. म. यांनी ग्रे. ला बोलावून विचारलं, ही वही तुम्हीच लिहिली? ती हो म्हणाली. नोंदी बनावट दिसतात, म्हणून परीक्षेची परवानगी रोखली आहे. परीक्षा १७ मार्चला.

गुरु. २० फेब्रु.

ग्रे. आली होती. पांढरा कोट धुऊन, घडी घालून आणला. टेबलावर ठेवला.

"माझं काय चुकलं, कुणी सांगत नाही. सर म्हणतात, तुम्हाला माहीतच आहे."

"तो निर्णय विद्यापीठाचा आहे."

"घरी मी काय लिहू? आमच्या इस्पितळात जंतू ओळखणारं कुणी नाही. मी परत जाईन म्हणून त्यांनी एक खोली रंगवून ठेवली आहे."

मी म्हटलं, मला याबाबत बोलता येणार नाही. ती उभी राहिली, उंच, आणि गेली. कोटाच्या खिशात काही राहिलं का पाहिलं. काही नव्हतं.

माझा कॅलिपर तिच्याकडेच राहिला.

रवि. २३ फेब्रु.

सकाळी चिंचवडला गेले, कॅलिपर आणायला. दुसरं कारण नव्हतं. पुढे जे झालं ते क्रमाने लिहिते.

ग्रे. घरी नव्हती, नदीवर कपडे धुवायला गेली होती. हौसाबाई ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. बस म्हणाल्या नाहीत, सूप माझ्याकडे सरकवलं. बसले.

"ताई, आमच्या गिरजेला काय केलं तुमी लोकांनी? चार दिस झालं, भाकर मोडती आन् तशीच ठेवती."

म्हटलं, वहीतल्या वेळा चुकल्या आहेत.

"वेळा? ती? काय बोलता!" शेंग माझ्याकडे रोखली. "रोज बरोब्बर दोनला जायाची कामाला. मी दारात राख टाकाया आली की तिची सायकल बाहेर. आन् अकराला घरी."

"अकराला? रात्री?"

"रात्री कशापायी? दिस मावळायच्या आदी. गुरं येत्यात तवा."

"मावशी, गुरं पाचला येतात."

"तुमच्या भोंग्याचं पाच आसंल. दिस उगवला तितनं मोजायचं की. एक तास झाला की एक, दोन झालं की दोन. माझा बाप आसाच घटका मोजायचा. हिच्या मुलखात बी तसंच हाय, पयल्याच दिशी आमचं जमलं. घड्याळवाल्यांचं आमाला कळत न्हाई, ती दिस उगवायच्या आदीच सहा वाजवून बसत्यात."

हातातली शेंग फोडायची राहिली.

दहाला मांडल्या. तीनला वाचल्या. दहात सहा मिळवले की दुपारचे चार. तीनात सहा मिळवले की सकाळचे नऊ. आणि दहा ते तीन म्हणजे सतरा तास. सतराच! वेळ बनवणारा माणूस रजिस्टरशी जुळेल अशी बनवतो. सगळीकडे नेमकं सहाचं अंतर ठेवून कशाला बनवेल? हे १० तारखेला दिसायला हवं होतं. मला दिसले फक्त आकडे.

ग्रे. ओले कपडे घेऊन आली. मला पाहून थांबली. मी विचारलं, आत्ता किती वाजले?

तिने मनगटाकडे पाहिलं. "अकरा."

"तुझ्या घरी काय म्हणतात?"

"पाच." आणि घड्याळ माझ्यापुढे धरलं. "काटा असतो त्याच्या समोरचा आकडा आम्ही वाचतो. लहानपणापासून. तुम्ही शेजारी होता तेव्हा मनात उलटवून लिहायचे. एकटी होते तेव्हा..."

कपड्यांचं पाणी पायावर ठिबकत होतं. तिला तेव्हाच कळलं.

हौसाबाई म्हणाल्या, "आता दोघी उभ्याच ऱ्हानार हाय का?"

कॅलिपर आणायचा विसरले.

सोम. २४ फेब्रु.

सकाळी दरवाज्यावर. शिंदे हवालदारांनी रजिस्टर काढून दिलं.

"पुन्यांदा? बाई, परवाच तर नेलं होतं. कुनी चोर सापडला का?"

"नाही. चोर नव्हताच, असं दिसतं."

"मग नोंद कशाला?"

दहाही नोंदींत सहा तास मिळवून तक्ता केला. एका बाजूला वही, एका बाजूला रजिस्टर. दहाही जुळतात. आत येणं आणि प्लेट्स वाचणं यांत कुठेही पाऊण तासापेक्षा जास्त फरक नाही.

१५ जानेवारी जुळत नाही. त्या तारखेला ती आमच्याच पद्धतीने लिहीत होती, म्हणजे सात म्हणजे सात. सातला ती इथे नव्हती. ही नोंद तक्त्यातून वगळावी, असं क्षणभर वाटलं. लिहिली. समोर "जुळत नाही" असंही लिहिलं.

मंगळ. २५ फेब्रु.

डॉ. क. कडे तक्ता नेला. समजावलं. बराच वेळ चष्मा पुसत होते.

"मिस सबनीस, शेरा तुम्हीच लिहिला, आता तुम्हीच खोडता?"

"खोडत नाही. पुढे लिहिते."

"उद्या कुणी म्हणेल, या विभागाचे शेरे दोन आठवडे टिकतात."

"चुकीचा शेरा दोन आठवडे टिकला, एवढंच म्हणता येईल."

माझ्याकडे पाहिलं. तक्ता पाठवतो म्हणाले. वाईट गृहस्थ नाहीत. कागद फार येतात त्यांच्याकडे.

शनि. १ मार्च

प्रा. म. चा फोन डॉ. क. ना. मला समोर बसवून घेतलं होतं. सहा तासांचं त्यांना पटलं. त्यांच्याच खात्यातल्या एका झांझिबारच्या विद्यार्थ्याने सांगितलं, तिकडे असंच मोजतात. पण १५ जानेवारी? ती हजर नसताना वाचलेली नोंद तिच्या वहीत कशी? एक बनावट असेल तर बाकीच्या तेवीसवर विश्वास का ठेवायचा? खुलासा आणि पुरावा द्या, नाही तर परवानगी नाही.

प्रश्न बरोबर आहे. मीही हाच विचारला असता.

रवि. २ मार्च

ग्रे. ला काल संध्याकाळीच गाठलं. १५ तारखेला काय झालं?

आठवत असून आठवत नाही म्हणाली. माझ्याकडे न बघता. दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा म्हणाली, "मी तुमचं नाव घेणार नाही. तुम्ही म्हणाला होता, गरज नाही."

मला खरंच आठवत नव्हतं. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. दीड महिन्यात मी ते पुसून टाकलं होतं. माझ्या हातून नियम मोडलेला असू शकतो, हे माझ्या हिशेबात बसत नव्हतं.

खोलीवर येऊन ही वही उघडली. १५ जानेवारी. "सातला मीच काढल्या, मोजल्या, आकडे चिठ्ठीवर." तिने खोटं काही लिहिलं नव्हतं. वेळ माझी, आकडे माझे, आणि नाव लिहू नको हेही मीच सांगितलेलं. मग तिच्या वहीवर शेरा मारणारीही मीच.

चिठ्ठी केव्हाच कचऱ्यात गेली असेल. पुरावा म्हणून हे पान आहे, दुसरं काही नाही.

पानावर आणखी दोन गोष्टी आहेत. डॉ. क. न वाचता सह्या करतात. आणि खुर्ची.

फक्त वरच्या चार ओळींची नक्कल देता येईल. पण नक्कल पुरावा नाही. पान अर्धं कापून देता येईल. कापलेलं पान कुणी माझ्यासमोर ठेवलं असतं तर मी पहिला प्रश्न काय विचारला असता?

आज दुपारी ब्लेडने पान मुळाशी कापलं. अख्खं. आधी नक्कल करून घेतली, शब्द न बदलता. एकदा "थोडी" हा शब्द गाळावासा वाटला. गाळला नाही.

सोम. ३ मार्च

खुलासा लिहिला, नऊ ओळी. "१५ जानेवारीची नोंद मी स्वतः घेतली, नियमाविरुद्ध. विद्यार्थिनीने नाव लिहू का विचारलं, मी नको म्हटलं. दोष माझा." सोबत पान.

डॉ. क. नी खुलासा वाचला. मग पान वाचलं. शेवटपर्यंत. मग पुन्हा वरून.

"तिसऱ्यांदा?"

"हो सर. त्यानंतर मोजलं नाही."

"बरं केलंत." पान घडीवर घडी घालून खुलाशाला टाचलं. "आणि बाकीचं? ते विद्यापीठाने वाचायचं?"

"पान एकच आहे, सर."

"तुमच्या सेवापुस्तिकेत हे जाईल, मिस सबनीस. बढतीच्या वेळी निघेल."

"माहीत आहे."

सही केली. त्याआधी टेबलावरचे आणखी तीन कागद ओढून घेतले आणि एकेक वाचू लागले. मी उभीच. वीस मिनिटं लागली. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही, जायलाही सांगितलं नाही. शेवटचा झाल्यावर म्हणाले, "यात एक चूक सापडली. या आता."

बुध. ५ मार्च

ग्रे. अहवाल घेऊन आली. डॉ. क. नी तिला सांगितलं होतं की मिस सबनीसनी आपल्या खाजगी वहीचं पान दिलं.

"त्यात काय लिहिलंय?"

"१५ तारखेचं."

"सगळं वाचून दाखवा. ते माझ्यासाठी गेलंय."

न्याय्य होतं. नक्कल काढली आणि इंग्रजीत वाचत गेले. प्लेट्स. चिठ्ठी. सह्या. तिथे ती हसली. मग खुर्चीच्या ओळी आल्या. वाचायचं थांबले असते तरी तिला कळलं नसतं. वाचल्या. प्रत्येक शब्दाला तोच शब्द.

ती खाली फरशीकडे बघत होती. कडाप्प्याचे चौकोन आहेत.

"मला माहीत होतं," म्हणाली. "एक फरशी. रोज तेवढीच. तुम्ही त्यातही अचूक आहात."

माफी मागावी असं मनात होतं, तोंडातून आलं, "अहवालाचा तिसरा तक्ता दाखव."

दाखवला. चूक नव्हती. जाताना कॅलिपर टेबलावर ठेवला. मिटवून, शून्यावर.

बुध. १२ मार्च

विद्यापीठाकडून काही नाही. डॉ. क. नी दोनदा फोन केला. प्रा. म. बाहेरगावी.

दुपारी एक ते दोन ग्रे. चा अभ्यास घेते. परवानगी मिळणार हे धरून. उत्तरं येतात, पण मध्येच गप्प होते. विचारलं तर म्हणाली, घरच्या पत्राला उत्तर दिलं नाही अजून. त्यांनी विचारलंय, खोलीला खिडकी आणखी एक हवी का.

"हवी," मी म्हटलं. "उत्तरेकडे. सूक्ष्मदर्शकाला तो उजेड चांगला."

"लिहू?"

"लिही."

हे मी कशाच्या आधारावर सांगितलं?

शनि. १५ मार्च

काही नाही. टपाल दोनदा पाहिलं.

रवि. १६ मार्च

सकाळी चिंचवडला गेले. उद्या परीक्षा. विद्यापीठाचं उत्तर आलेलं नाही, होकार नाही, नकारही नाही. डॉ. क. काल म्हणाले, हजर राहा, दारात ठरेल. स्वतः येतो म्हणाले, तक्ता आणि खुलाशाची प्रत घेऊन. उद्या त्यांची साप्ताहिक बैठक आहे, ती त्यांनी पुढे ढकलली.

हौसाबाईंनी ओट्यावर घोंगडी टाकली होती. ग्रे. वह्या मांडून भिंतीला टेकून बसलेली. मी तिच्या डाव्या बाजूला बसले. हौसाबाई तांब्या घेऊन आल्या, म्हणाल्या, "जरा सरका की, मला बी टेकू द्या." सरकायला एकच बाजू होती. सरकले. ग्रे. चं कोपर माझ्या कोपराला लागलं, तसंच राहिलं. तिने पान उलटलं.

प्रश्न विचारत गेले. सत्तावीस विचारले. पंचवीस बरोबर.

हौसाबाई उद्याची दशमी करणार आहेत. "ताई, गिरजेला किती वाजता पोचायचंय पुन्याला?"

मी तोंड उघडलं, इतक्यात ग्रे. म्हणाली, "चार."

"म्हंजी तुमी दोघी सव्वाला निघा. गाडी चुकवू नका." मी मनात सहा मिळवले. सव्वासात.

परत येताना स्टेशनवर घड्याळ पाहिलं. मोठी गोल तबकडी, रोमन आकडे. उद्या दहाला वर्गाचं दार उघडेल. छोटा काटा दहावर असेल. त्याच्या समोर चार. इतके दिवस हे घड्याळ पाहते, समोरच्या आकड्याकडे कधी नजर गेली नव्हती.

दोन पेन्सिलींना टोक करून ठेवलं. एक तिच्यासाठी. सकाळी सव्वाला निघायचं.